दोन मजल्यांच्या मध्ये : एका लिफ्टमध्ये घडणाऱ्या लघुपटाचा माझा अनुभव

एकाच बंद जागेत घडणारा थरारपट स्वस्तात होतो, असा नव्याने चित्रपट करू पाहणाऱ्यांमध्ये सार्वत्रिक समज आहे. पात्रे दोन, जागा एक आणि कपडे पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच, तेव्हा खर्च तो कसला, असे मला अनेकांनी विचारले. मुंबईतील एका जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये घडणारा पंचवीसेक मिनिटांचा मराठी लघुपट लिहून, चित्रित करून आणि त्याला प्रमाणपत्र मिळवून आता मी मोकळी झाले आहे. पैसा काही प्रमाणात खरोखरच वाचतो, हे मी मान्य करते. मात्र श्रमांचा मोठा वाटा एकाच कामात जातो. त्या जागेचे नियम आपण स्वतः नीट समजून घेणे, ते प्रेक्षकाच्या मनात पक्के बसवणे आणि एकदा बसवल्यावर ते कोणत्याही मोहाने न मोडणे, हे ते काम होय.

कथेची मांडणी साधी होती. दादरच्या एका पाच मजली, पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीत संमतिपत्रावर सही न केलेले जे थोडे भाडेकरू उरले आहेत, त्यांतील एक निवृत्त गृहस्थ संध्याकाळी लिफ्टने वर निघतात आणि त्यांच्यासोबत एक अनोळखी तरुण चढतो. तो विकासकाचा माणूस आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, पण वृद्ध गृहस्थांना ठाऊक नसते. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये वीज जाते आणि पुढचा सगळा चित्रपट जाळीच्या सरकत्या दरवाजाच्या आत घडतो. नव्या इमारतींतल्या चकचकीत पोलादी लिफ्टऐवजी जाळीची जुनी लिफ्ट मी मुद्दाम निवडली. बंद पोलादी लिफ्टमध्ये पाहण्यासारखे आरशाशिवाय काहीच नसते, तर जाळीच्या दरवाजातून शाफ्टची, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते तिची, भिंत दिसते, मजल्यांचे रंगवलेले आकडे दिसतात, खालच्या मजल्यावरचा उजेड फटीतून वर येतो आणि आपण नेमके कुठे अडकलो आहोत हे माणसाला इंचांत मोजता येते.

पटकथेचा पहिला खर्डा करण्यापूर्वी सहलेखकाने आणि मी लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला कोणकोणते धोके संभवतात याची एक यादी केली आणि ती घेऊन, अशा जुन्या लिफ्टची देखभाल करण्यात ज्यांचे आयुष्य गेले आहे अशा एका मेकॅनिककाकांकडे गेलो. दोर तुटणे, हवा संपणे आणि छतावरच्या झाकणातून वर चढून सुटणे हे त्या यादीतले ठळक मुद्दे होते, कारण पडद्यावर आपण सगळ्यांनी तेच पाहिलेले असते. काकांनी चहा संपेपर्यंत एकेक मुद्दा बाद केला. दोर एक नसतो, अनेक असतात, आणि त्यांपैकी एकटा दोरही भरलेली केबिन सहज पेलू शकतो. त्यातूनही सगळे तुटलेच, तर वेग वाढताक्षणी गव्हर्नर नावाची यंत्रणा केबिनखालचे जबडे मार्गदर्शक रुळांवर आवळते. (तुटलेल्या दोराची भीती मोडून काढण्यासाठी एलिशा ओटिस या अमेरिकन संशोधकाने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः उचलफळीवर उभे राहून दोर कापायला लावला होता, म्हणजे हे भय आणि त्यावरचा उपाय दोन्ही जुनेच आहेत.) केबिन हवाबंद नसते, त्यामुळे जाळीच्या लिफ्टमध्ये तर गुदमरण्याचा प्रश्नच येत नाही. छतावर झाकण असलेच, तरी ते आतल्या माणसाने उघडावे यासाठी ठेवलेले नसते.

आमचे चेहरे उतरलेले पाहून ते म्हणाले, "मॅडम, लिफ्ट पडत नाही. पडतो तो माणूस."

या एका वाक्यावर आमचा चित्रपट उभा राहिला, म्हणून ते जरा उलगडून सांगते. केबिन दोन मजल्यांच्या मध्ये थांबली की खालच्या मजल्याची जमीन केबिनच्या तळाखाली काही फुटांवर राहते. आतला माणूस धीर सुटून जाळी सरकवतो, खालच्या मजल्याचा दरवाजा कसाबसा उघडतो आणि खाली उडी टाकतो. त्या वेळी त्याच्या पाठीमागे, केबिनच्या तळाखाली, उघडा शाफ्ट असतो. पाय टेकताना तोल मागे गेला की तो सरळ तळमजल्याखालच्या खड्ड्यापर्यंत जातो. आत बसून राहणारा माणूस सुरक्षित असतो आणि सुटू पाहणारा धोक्यात येतो. ज्याला थरारपट लिहायचा आहे त्याला याहून चांगली परिस्थिती मागूनही मिळणार नाही, कारण इथे पात्राची प्रत्येक स्वाभाविक इच्छा त्याच्याच विरोधात जाते.

दुसरी गोष्ट त्यांनी त्याहून सहजपणे सांगितली. लिफ्टची केबिन आणि दोरांच्या दुसऱ्या टोकाला लटकणारे तिचे काउंटरवेट, म्हणजे समतोलाचे वजन, ही तराजूच्या दोन पारड्यांसारखी असतात. काउंटरवेट हे रिकाम्या केबिनचे वजन अधिक पूर्ण क्षमतेच्या साधारण निम्मे वजन एवढे ठेवलेले असते. आपल्याकडे लिफ्टच्या पाटीवर माणशी ६८ किलो धरतात, म्हणून सहा माणसांच्या लिफ्टवर ४०८ किलो असे लिहिलेले दिसते. निम्मे म्हणजे २०४ किलो, अर्थात तीन माणसे. आत तीन माणसे असतील तर दोन्ही बाजू जवळजवळ समतोल असतात. त्याहून कमी असतील तर काउंटरवेट जड ठरते आणि केबिनची ओढ वरच्या दिशेने असते. वीज गेल्यावर स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक आपोआप आवळला जातो आणि केबिन जागच्या जागी थांबते. मग शाफ्टच्या माथ्यावरच्या मशीन रूममध्ये, म्हणजे लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत, जाऊन एकाने ब्रेकचा दांडा मोकळा धरायचा आणि दुसऱ्याने मोठे चाक हाताने फिरवून केबिन जवळच्या मजल्यावर आणायची, अशी रीत आहे. आत दोनच माणसे असताना ते चाक वर जाण्याच्या दिशेने हलके फिरते आणि खाली आणण्याच्या दिशेने जड जाते. प्रेक्षक मात्र, ब्रेक सोडला की लिफ्ट खालीच जाणार, अशी खात्री बाळगून बसलेला असतो.

आमच्या कथेत तरुणाचा साथीदार मशीन रूममध्ये शिरतो आणि पहारेकऱ्याला दमदाटी करून ब्रेकचा दांडा धरायला लावतो, कारण तळमजल्यावर त्यांची आणखी माणसे थांबलेली आहेत आणि केबिन तिथे उतरवायची आहे. चाकावरची दिशेची खूण जुनाट झाल्याने अंधारात दिसत नाही, म्हणून तो ज्या दिशेने चाक हलके जाईल त्या दिशेने फिरवतो. निवृत्त गृहस्थांनी गिरणीच्या देखभाल विभागात नोकरी केलेली आहे, त्यामुळे केबिन वर, म्हणजे त्यांच्या शेजाऱ्यांकडे, निघाली आहे हे त्यांना पहिल्या हिसक्यातच कळते, पण तरुणाला कळत नाही. पहारेकऱ्याला ठाऊक असते, आणि तो गप्प राहतो. यात आणखी एक नियम येऊन मिसळतो. जाळी थोडी जरी उघडली तरी तिच्यावरचा विद्युत संपर्क तुटतो आणि लिफ्ट चालू शकत नाही. साथीदाराने मेन स्विच बंद केलेला नसल्यामुळे मधेच वीज आली तर दाबून ठेवलेल्या बटणाप्रमाणे लिफ्ट भलतीकडे धावू शकते. ते टाळण्यासाठी वृद्ध गृहस्थांना जाळी उघडी धरून उभे राहावे लागते, आणि उघडी जाळी म्हणजे तर पडण्याचा धोका. एकच जाळी संरक्षणही ठरते आणि संकटही, हे सापडले त्या दिवशी पटकथा पूर्ण झाली असे मी मानते.

हे नियम प्रेक्षकाला कधी आणि कसे सांगायचे, हा यानंतरचा प्रश्न होता. मराठी रंगभूमीवर याचा उत्तम वस्तुपाठ आहे. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या, १९६७ साली रंगमंचावर आलेल्या नाटकात संपूर्ण खेळ एका गावातल्या सभागृहात घडतो आणि अगदी आरंभीच्या हलक्याफुलक्या संभाषणात त्या सभागृहाच्या दाराच्या कडीची खोड सांगून टाकलेली असते. ती कडी नाटकाची नायिका असलेल्या बेणारेबाईंच्या बोटाला लागतेही. पुढे त्यांना बाहेर जायचे असते तेव्हा दार बाहेरून अडकलेले असते, आणि आपल्याला ते योगायोगाचे वाटत नाही, कारण ते आपल्याला आधीच माहीत झालेले असते. मी त्याच वाटेने गेले. आमच्या चित्रपटाच्या दुसऱ्याच मिनिटाला वृद्ध गृहस्थ तळमजल्यावर पहारेकऱ्याशी गप्पा मारताना, दोघेच असलो की ही लिफ्ट वर कशी फुलासारखी जाते आणि खाली येताना कशी कण्हते, एवढेच बोलतात. त्या क्षणी ते एका म्हाताऱ्या माणसाचे पाल्हाळ वाटावे, अशीच आमची इच्छा होती.

पटकथेच्याच टप्प्यावर दोन गोष्टी कायद्यामुळे बदलल्या, आणि त्या आधीच कळल्या हे बरे झाले. तरुण अस्वस्थ होऊन सिगारेट पेटवतो असा प्रसंग होता. तंबाखूविषयक २०१२ च्या नियमांनुसार पडद्यावर धूम्रपान दिसत असेपर्यंत खाली इशारा झळकत ठेवावा लागतो, शिवाय चित्रपटाच्या आरंभी आणि मध्यभागी आरोग्यविषयक ध्वनिचित्रफिती दाखवाव्या लागतात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या चित्रपटात हे खपून जाते. इथे मात्र सगळा अंधार, दोन चेहरे आणि त्याखाली सतत एक पांढरी पट्टी असे दृश्य झाले असते, आणि तणाव चढत असतानाच मधोमध फुप्फुसांची फीत आली असती. आम्ही सिगारेट काढून टाकली आणि फक्त काड्यापेटी ठेवली. ती तो हातात वाजवत बसतो, आणि माझ्या मते ते सिगारेटपेक्षा जास्त त्रासदायक आहे. दुसरे प्रकरण कबुतराचे. मुंबईच्या जुन्या शाफ्टमध्ये कबुतरे असणारच, पण खरे पाखरू चित्रीकरणात वापरायचे तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची कागदपत्रे आली. त्यामुळे आमचे कबुतर केवळ पंखांच्या आवाजापुरते उरले.

खऱ्या लिफ्टमध्ये चित्रीकरण करण्याचा विचार आम्ही लवकरच सोडला. सहा माणसांच्या लिफ्टची केबिन आतून साधारण साडेतीन फूट रुंद आणि सव्वातीन फूट खोल असते. दोन नट उभे राहिल्यावर तिथे छायालेखक शिरणार कुठे? शिवाय रहिवाशांची वर्दळ थांबवून तासन्‌तास लिफ्ट अडवणे कोणत्याही सोसायटीला परवडणारे नाही. डोंबिवलीजवळ एक रिकामे गोदाम भाड्याने घेऊन तिथे प्लायवूडची केबिन उभारली आणि जाळी मात्र भंगारातून खरी आणली. केबिनच्या तीन बाजू स्वतंत्रपणे निघतील अशा बांधल्या. ही युक्ती चित्रपटसृष्टीत जुनी आहे. अल्फ्रेड हिचकॉक यांनी १९४८ च्या 'रोप' मध्ये एका घरात घडणारी गोष्ट लांबच लांब सलग दृश्यांत टिपताना कॅमेऱ्याला वाट देण्यासाठी सेटच्या भिंती चाकांवर सरकवल्या होत्या.

केबिन हलते आहे असे दाखवण्यासाठी ती हलवण्याची गरज नसते. जाळीबाहेर दिसणारी भिंत हलली तरी पुरे होते. सुतारांनी उंच प्लायवूडच्या फळीवर शाफ्टचा उखडलेला गिलावा, ओल, तारा आणि चौथ्या मजल्याचा आकडा असे सगळे रंगवून ती उभ्या रुळांवर बसवली. दोन माणसे कप्पीवरून ती हळूहळू खाली सोडत, आणि आत बसलेल्याला आपण वर चाललो आहोत असे वाटे. नटांपैकी एकाला पहिल्याच वेळी घेरी आली, त्यामुळे आम्हाला त्या युक्तीची खात्री पटली. फळी खाली येताना एका जागी किंचित अडखळे. ती खोड आम्ही दुरुस्त केली नाही, उलट त्या अडखळण्यावर एक संवाद बसवला.

छायालेखकाशी माझा सर्वांत मोठा वाद भिंतींवरून झाला. सिडने ल्युमेट यांनी १९५७ च्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' मध्ये ज्युरींची खोली क्रमाक्रमाने अंगावर येत जावी म्हणून चित्रपट पुढे सरकेल तसतशी अधिक लांब पल्ल्याची भिंगे वापरली आणि कॅमेरा डोळ्यांच्या वरून डोळ्यांच्या पातळीवर, मग त्याखाली आणत नेला. शेवटाकडे छतही दिसू लागते. छायालेखकाला हेच करायचे होते. पण लांब पल्ल्याच्या भिंगासाठी कॅमेरा मागे न्यावा लागतो, आणि आमच्याकडे मागे जाणे म्हणजे काढलेल्या भिंतीच्या बाहेर उभे राहणे. प्रेक्षकाला तांत्रिक कारण सांगता येत नसेल, पण सव्वातीन फुटांच्या जागेत सात फुटांवरून चेहरा दिसला की त्याला आपण सुटलो असे कुठेतरी वाटते. म्हणून मी अट घातली की कॅमेऱ्याचे धड भिंतीबाहेर असले तरी चालेल, पण भिंगाची काच भिंतीच्या रेषेच्या आतच राहील. त्यावर त्याने, शेवटच्या भागात मागची भिंत चार इंच आत सरकवू, असा प्रस्ताव मांडला. फरशीच्या चौकटी मोजणारा एखादा प्रेक्षक असतोच, आणि जागेचा आकार बदलणे म्हणजे नियम मोडणे, म्हणून तोही मी नाकारला. कॅमेऱ्याची उंची उतरवत नेणे मात्र आम्ही ल्युमेट यांच्याकडून घेतले. त्याला अजूनही वाटते की मी हट्टीपणा केला. चित्रपटाच्या उत्तरार्धात चेहरे थोडे रुंद दिसतात हे खरे, आणि ती किंमत मला योग्य वाटते.

प्रकाशयोजना तुलनेने सोपी ठरली. वीज गेल्यावर मोबाइलचा दिवा, फटीतून येणारा जिन्यावरचा इमर्जन्सी दिवा आणि काड्यापेटीच्या एक-दोन काड्या, एवढेच उगम आम्ही मान्य केले.

ध्वनीवर मात्र चित्रीकरणाइतकेच कष्ट पडले. मशीन रूम आम्ही पडद्यावर एकदाही दाखवत नाही. तिथे जे घडते ते शाफ्टमधून खाली झिरपणाऱ्या आवाजांतूनच कळते. त्यासाठी मेकॅनिककाकांच्या ओळखीने एका जुन्या इमारतीच्या मशीन रूममध्ये रिलेची खटखट, ब्रेक सुटतानाचा दबका ठोका आणि चाक हाताने फिरवताना होणारी घरघर ध्वनिमुद्रित केली. ब्रेकचा ठोका चित्रपटात आधी दोनदा, लिफ्ट सुरळीत चालू असताना, ऐकवला आहे. तिसऱ्या वेळी तो अंधारात ऐकू येतो तेव्हा काय घडले हे कुणी सांगावे लागत नाही. खरे आवाज मिश्रणात फार बारीक वाटतात, म्हणून त्यांवर इतर आवाजांचे थर चढवण्याचा मोह होतो. ध्वनिसंयोजकाने तो टाळला आणि त्याऐवजी आजूबाजूची शांतता खाली आणली.

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाकडे अर्ज आता ऑनलाइन होतो. सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए या, मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाच्या चित्रपटांच्या, वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले आहेत. आम्हाला यूए १३+ मिळाले, आणि धूम्रपान व प्राणी ही दोन्ही प्रकरणे आधीच निकालात निघाल्याने पत्रव्यवहार वाढला नाही.

अर्ज करण्यापूर्वी आम्ही संकलित प्रत दोन गटांना दाखवली होती, आणि त्यातून मला जे कळले ते पुस्तकांतून कळले नसते. दुसऱ्या गटातील काही मंडळी उशिरा आली आणि तळमजल्यावरचे संभाषण त्यांच्या हातून सुटले. लिफ्ट वर जाऊ लागली तेव्हा ती चकित झाली, काही जण हसलेही. ज्यांनी ते संभाषण ऐकले होते त्यांनी मात्र साथीदार मशीन रूमच्या पायऱ्या चढू लागल्यापासूनच बोलणे थांबवले होते. लिफ्ट कुठे जाणार हे त्यांना कळले होते, आणि तरुणाला ते कधी कळणार याची ते वाट पाहत होते. एकाच प्रसंगाने एका बाजूला धक्का दिला आणि दुसऱ्या बाजूला कित्येक मिनिटांचा ताण दिला. मला दुसराच परिणाम हवा होता.

त्यानंतर आम्ही एकच बदल केला. वीज गेल्यावर काही वेळाने, तरुण "खाली कधी उतरणार ही?" असे चिडून विचारतो तेव्हा वृद्ध गृहस्थांच्या तोंडी पाटीवरचे आकडे वाचण्याचा एक छोटा संवाद नव्याने ध्वनिमुद्रित करून घातला. ते अंधारात मोबाइलच्या उजेडात "सहा माणसं, चारशे आठ किलो" असे वाचतात, तरुणाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहतात आणि "आपण दोघंच आहोत" एवढेच म्हणतात.